गणित सोडायचेच असेल तर शेवटी सोडा

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा सुरू होते: ग्रुप कोणता? पीसीएम (गणितासह), पीसीबी (जीवशास्त्रासह) की चारही विषय? 2025-26 पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाले, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आता पोर्टलची मुदत संपायच्या आत द्यावे लागते. ते बहुधा तीन गोष्टींवरून ठरते. दहावीला गणितात किती पडले, नात्यातला कोण नीटला लागला आणि जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती तुकडी आहे. या मुलाचे किंवा मुलीचे आजवरचे गणित कुठपर्यंत पक्के आहे आणि त्यापुढचे कोणते लगेच घ्यायला हवे, हे कुणी विचारत नाही. गणित सोडायला अर्जावरची एक खूण पुरते. पुन्हा धरायचे तर वर्षे जातात. म्हणून माझे म्हणणे असे, की गणित सोडायचेच असेल तर ते सर्व विषयांच्या शेवटी सोडावे, आणि ज्या व्यवस्थेने ते लवकर सोडण्याची मुभा दिली तिने परतीची वाटही आधी बांधून ठेवावी.

गणिताच्या बाबतीत क्रम एवढा महत्त्वाचा का, हे दहावीच्या पुस्तकातच पाहता येते. दुसऱ्या भागात समरूपतेचे प्रकरण आधी येते आणि त्रिकोणमिती शेवटाकडे. त्रिकोण वहीवर काढलेला असो की शेताच्या बांधावर आखलेला, 30 अंशाचे साइन दर वेळी अर्धेच का भरते, याचे उत्तर समरूप त्रिकोणांत आहे. ज्याने समरूपता घोकली, पण समजून घेतली नाही, त्याला त्रिकोणमिती म्हणजे पाठ करायचा तक्ता वाटतो. अकरावीत तोच कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजायला शिकवतात आणि त्रिकोणातली गुणोत्तरे फलने होतात. त्याच वर्षी सीमा हे प्रकरण येते. कोन शून्याकडे जाताना त्याचे साइन आणि तो कोन यांचे गुणोत्तर एककडे जाते, हे तिथे सिद्ध होते. रेडियन कशासाठी आणले तेही तिथेच कळते. त्या एका सीमेवर साइनचे अवकलन उभे आहे आणि अवकलनावर बारावीचे संकलन. ही साखळी दहावी ते बारावी अशी तीन वर्षांची आहे. मधली कडी निखळली तर पुढचा सगळा अभ्यास पाठांतराचा होतो.

आपली परीक्षापद्धती नेमक्या या मधल्या कड्या सैल ठेवते. दहावीला गणिताच्या दोन भागांना 40-40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 35 लागतात आणि दोन्ही भागांचे गुण एकत्र धरले जातात. त्यामुळे त्रिकोणमिती ऑप्शनला टाकून, भूमितीचे जेमतेम दोन प्रश्न सोडवूनही मुलगा चांगल्या टक्क्यांनी पास होतो. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवर होते, आणि एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे 20 टक्के तर बारावीला 80 टक्के भार असतो. या आकड्यांतून पालकांनी काढलेला अर्थ असा, की अकरावी हे दम खाण्याचे वर्ष आहे. पण बारावीच्या 80 टक्क्यांचा पाया त्या 20 टक्क्यांत आहे. अकरावी झाकून बारावीचे क्लास लावायचे आणि मग ‘पोराला संकलन डोक्यात शिरत नाही’ म्हणून कपाळाला हात लावायचा, असे दरवर्षी चालते.

गणित सोडले म्हणजे ते सुटले, ही दुसरी समजूत. नीटमध्ये गणिताचा पेपर नाही हे खरे. पण 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे आहेत. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच गणिती पद्धतींवर एक प्रकरण आहे आणि त्यात सदिशांबरोबर अवकलन-संकलनाची तोंडओळख आहे. पीसीबीच्या मुलालाही ते शिकावे लागते. फरक एवढाच, की त्याला ते गणिताच्या शिक्षकाविना आणि सरावाविना शिकावे लागते. बी.फार्म.ला पीसीबीवर प्रवेश मिळतो, पण बारावीला गणित नसलेल्याला पहिल्याच सत्रात उपचारात्मक गणित घ्यावे लागते. लॉगरिदम, सारणी, सीमा, अवकलन, संकलन, अवकल समीकरणे आणि वर लाप्लास रूपांतर, हे सगळे एका सत्रात. शेवटच्या वर्षी जैवसांख्यिकी येते ती वेगळीच. कृषी पदवीचेही तसेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेली मुले या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात कमी नाहीत. कृषीच्या देशव्यापी अभ्यासक्रमात सांख्यिकी सर्वांनाच आहे. एनडीएत भूदलासाठी कला शाखेचा विद्यार्थीही पात्र ठरतो, मात्र लेखी परीक्षेत 300 गुणांचे गणित कुणालाच चुकत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असतेच. तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न गणित करायचे की नाही असा उरतच नाही. शिक्षक, पुस्तक आणि दोन वर्षांची सवड हाताशी असताना ते करायचे, की पुढे घाईगर्दीत एकट्याने करायचे, एवढीच निवड असते.

यावर कुणी म्हणेल, हाच न्याय जीवशास्त्राला का नाही? इथे दोन विषयांच्या घडणीतला फरक पाहावा लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले, की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही नीट देता येईल. गणितही बारावीनंतर जादा विषय म्हणून घ्यायला कागदावर हरकत नाही. परंतु जीवशास्त्रात वनस्पतींचे पुनरुत्पादन कच्चे राहिले म्हणून मानवी रक्ताभिसरण अडत नाही. निश्चयाचा विद्यार्थी ते वर्षभरात भरून काढू शकतो. गणितात एक प्रकरण राहिले की त्याच्यावरची चार अडतात. अभियांत्रिकीच्या नियामक संस्थेलाही याची प्रचीती आली. 2021 मध्ये एआयसीटीईने काही अभ्यासक्रमांसाठी बारावीचे गणित सक्तीचे राहणार नाही असे म्हटले आणि उणीव भरून काढायला विद्यापीठांनी सेतू अभ्यासक्रम घ्यावेत असे सुचवले. त्यावर देशभरातल्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि परिषदेला खुलासे करावे लागले. पहिल्या सत्रात अभियांत्रिकी गणित चालू असताना त्याच्या शेजारी बारावीचे गणित शिकवायचे, हे वरातीमागून घोडेच.

महाराष्ट्राला या वादाचा अनुभव नवा नाही. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या काळातही कमी गणित आणि अधिक गणित अशी फारकत होती. कोठारी आयोगाने (1964-66) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. 10+2+3 चा आकृतिबंध आला आणि 1975 मध्ये नव्या रचनेतली पहिली दहावी झाली. पुढे नापासांच्या आकड्यांनी धास्तावून मंडळाने बीजगणित-भूमितीला सामान्य गणिताचा पर्याय दिला. हेतू वाईट नव्हता. पण तो पर्याय घेणाऱ्याला अकरावी विज्ञानात गणित घेता येत नसे, आणि नववीतल्या मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना हे त्या वेळी उमगत नसे. 2018-19 मध्ये दहावीचा नवा अभ्यासक्रम आला तोवर तो पर्याय इतिहासजमा झाला होता. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर केले. बेसिक घेतल्यास अकरावीत मुख्य गणित नाही, असा मूळ नियम होता. नंतर तो अनेक वर्षे सैल ठेवावा लागला. पंधराव्या वर्षीचा निर्णय अखेरचा मानू नये, हेच त्यातून कबूल झाले.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 गणितापासून सुरुवात करून विषय दोन स्तरांवर देण्याची कल्पना मांडते. राज्याच्या 2024 च्या अभ्यासक्रम आराखड्यात तर अशी तरतूद सुचवली आहे, की गणित वा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी अकरावीत जाता यावे, मात्र पुढे त्या विषयांवर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर पडावा. नापासाचा शिक्का पुसला जातो हे चांगले; पण त्या जागी दुसरा शिक्का बसतो. शहरातल्या मुलाला घरचे लोक, शिकवणी आणि समुपदेशक मिळून तो टाळायला मदत करतील. मालेगाव तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलीला ‘पास झालीस ना, बस झाले’ एवढेच सांगितले जाईल आणि तिच्या पुढच्या वाटा एका शेऱ्याने ठरतील.

क्रम हातचा गेला की काय होते, हे कॅलिफोर्नियाने अलीकडेच पाहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी 2014 पासून आठवीतले बीजगणित बंद करून सर्वांना ते नववीत दिले. गरीब आणि श्रीमंत मुलांतली दरी बुजावी हा उद्देश होता. ऐपतीच्या पालकांनी खासगी वर्गांतून ते आधीच शिकवून घेतले. 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी आठवीत बीजगणित परत आणावे असा मोठा कौल दिला. त्याआधी 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने, डेटा सायन्सचा हलका अभ्यासक्रम वरच्या बीजगणिताची जागा घेऊ शकत नाही, असे ठरवून आपला आधीचा निर्णय फिरवला. सवलत सर्वांना सारखी दिसली तरी तिची किंमत ज्याच्याकडे दुसरी सोय नाही त्याने मोजली.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप गंभीर आहेत. पहिला भीतीचा: गणितापायी मुले खचतात, शाळा सोडतात. हे खोटे नाही, आणि ज्यांना अध्ययन अक्षमता आहे त्यांच्यासाठीच्या सवलती टिकल्याच पाहिजेत. पण सरसकट भीतीचे मूळ दहावीत नाही. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहण्या वर्षानुवर्षे दाखवतात, की ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही. भागाकार न आलेल्या मुलापुढे बहुपदी ठेवली तर तो घाबरणारच. उपाय पाचवी-सहावीत आहे; दहावीतले गणित कमी करून भागाकार येत नाही. दुसरा आक्षेप कला-वाणिज्यवाल्यांचा: आम्हाला कलनशास्त्र कशाला? बारावी वाणिज्याचे गणिताचे पुस्तक उघडून पाहावे. त्यात अवकलन-संकलन तर आहेच. शिवाय दलाली, विमा, वार्षिकी, निर्देशांक आणि कालश्रेणी आहे. सोयाबीनचा भाव वर्षभरात कसा हलतो हे वाचायला याच गोष्टी लागतात. तरीही गुण सहज पडतात म्हणून गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याकडे ओढा असतो. कला शाखेतून अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, की दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताशिवाय प्रवेश नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा: निवड करा म्हणता, पण निवडायला आहे काय? तालुक्याच्या ठिकाणी विज्ञानाची तुकडी असली तरी गणिताला पूर्णवेळ शिक्षक असेलच असे नाही, आणि वाणिज्याला गणित तर फार थोड्या ठिकाणी. विदर्भात गुणांसाठी आवडता असलेला क्रॉप सायन्स हा द्विलक्ष्यी विषय 200 गुणांचा आहे. तो घेतला की दुसऱ्या भाषेबरोबर एका वैकल्पिक विषयाची जागाही जाते, मग गणित आणि जीवशास्त्र यांतले एकच ठेवता येते. टक्केवारी वाढते आणि एक वाट बंद होते. हे अर्ज भरण्याआधी सांगितले जात नाही. ज्याला परवडते तो अकोल्याला किंवा लातूरला खोली करून राहतो. उरलेल्यांसाठी निवड म्हणजे जे आहे ते घेणे. या आक्षेपाला पालकांपाशी उत्तर नाही. ते शासनाने द्यायचे आहे. वाशीम 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयात तिन्ही शाखांना गणित आणि त्यासाठी नेमलेला शिक्षक, ही मागणी त्या यादीत बसणारी आहे. दोन स्तर आणायचे असतील तर खालच्या स्तरावरून वर येण्यासाठी दहावी-अकरावीच्या सुटीतला सेतू वर्ग आणि पुन्हा परीक्षेची संधी आधी जाहीर व्हावी, मगच स्तर लागू व्हावेत.

तोवर घरांनी पाळावा असा क्रम साधा आहे. नववी-दहावीत भूमिती आणि त्रिकोणमिती ऑप्शनला टाकू नये; पुढची सारी इमारत त्यांच्यावर आहे. निकालाच्या सुटीत सीईटीची जाड पुस्तके घेण्यापेक्षा अवयव पाडणे, रेषेचे समीकरण आणि त्रिकोणमितीय नित्यसमानता घट्ट कराव्यात. अकरावीला बारावीइतकाच वेळ द्यावा. डॉक्टरकीची ओढ असली, पण खात्री नसली, तर चारही विषय घ्यावेत. वाणिज्यात गणित मिळत असेल तर ते सोडू नये. ओझे खरोखर झेपेनासे झाले तर गणित सोडण्यात कमीपणा नाही, पण तो निर्णय वर्षभर शिकून झाल्यावरचा असावा, एका निकालाच्या धास्तीचा नसावा. अर्जावर ग्रुप भरण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाला दोनच प्रश्न विचारावेत: गणित कोण शिकवणार, आणि हा विषय आज सोडला तर पुढे कोणत्या अभ्यासक्रमांना मुकावे लागेल? या दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत गणितावर काट मारू नये.