दोष कोणाच्या पदरी?

खंडेनवमीला आमच्या शेजारचे मिस्त्री आपली हत्यारे पाटावर मांडतात. पाने, पक्कड, छिन्नी, हातोडा. आणि सगळ्यांच्या पुढे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर. साखर कारखान्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत या हत्याराने स्क्रू फिरवले थोडे, ऐकण्याचे कामच अधिक केले. त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. वैद्याने नाडी पाहावी, तसे.

यंदा त्या पाटावर एक नवा पाहुणा होता. आगपेटीएवढी एक करडी डबी. मिस्त्रींचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो त्याच कारखान्यात या डब्यांची व्यवस्था पाहतो. जुनी होऊन उतरवलेली एक डबी त्याने हत्यारांशेजारी ठेवली होती. मिस्त्रींनी तिलाही हळद-कुंकू वाहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्याचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. खोटं कशाला बोलू? पण..."

तेवढ्यात आत आरतीची गडबड उडाली आणि वाक्य अर्धेच राहिले. त्या 'पण'ने मात्र माझी पाठ सोडली नाही.

ही डबी काय करते ते मला मुलाने समजावले. ती यंत्राची थरथर मोजते. बेअरिंगमधल्या गोळीला किंवा कड्याला केसाएवढा तडा गेला, तरी फिरताना तिथे बारीक ठोका बसतो. गोळ्या किती आणि वेग किती, यावरून त्या ठोक्याची लय आधीच काढता येते. कृत्रिम बुद्धी त्या यंत्राची शेकडो तासांची थरथर पाहून त्याची नेहमीची चाल शिकते आणि चाल बिघडली की मोबाइलवर लाल सूचना धाडते. माणसाच्या कानाला जे दोन दिवसांनी कळेल, ते तिला आज कळू शकते.

ही गोष्ट लहान नाही. एकाच पोलादाची, एकाच घडणीची शंभर बेअरिंगे घेतली, तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते. शंभरातली नव्वद जेवढे आयुष्य सहज ओलांडतात, तेवढेच बेअरिंगचे आयुष्य म्हणून तक्त्यात लिहितात. निम्मी तर त्याच्या चौपट-पाचपट टिकतात. मग तारीख पाहून बदलायचे, तर चांगली फेकली जातात आणि एखादे वाईट तारखेआधीच दगा देते. शिवाय नको तेव्हा यंत्र उघडणे हेही एक संकटच. दुसऱ्या महायुद्धात कॉनरॅड वॅडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या बिघाडांचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की ठराविक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढतच होते. धडधाकट यंत्राला उगाच हात लावल्याचे ते फळ होते. तेव्हा यंत्र स्वतः कण्हेल तेव्हाच त्याच्याकडे जावे, आणि ते कण्हणे ऐकायला कधी न थकणारा कान असावा, यात वाईट काय आहे? मला तरी काही दिसत नाही.

आता मागच्या हंगामातली हकीकत सांगतो.

जानेवारीतली रात्र होती. गळीत भरात होते. फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग होती. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तासागणिक त्याचे वजन आणि साखर उतरत जाते. मिल एक तास थांबवायची, तर रांगेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा बसतो. अशा वेळी गिअर बॉक्सच्या एका बेअरिंगविषयी डबीने लाल सूचना दिली. ती आठ जणांच्या मोबाइलवर गेली. आठही जणांनी ती पाहिली. तशी खूणच नोंदीत आहे. परंतु त्याआधीच्या महिन्यात, उसाचा भार कमीजास्त झाला तरी अशा सूचना येत आणि खोट्या ठरत. शिवाय प्रत्येकाला वाटले, बाकीच्या सातांपैकी कोणीतरी पाहील. मिल थांबवण्याचा शब्द कोणीच उच्चारला नाही. दुसऱ्या रात्री बेअरिंग जळून अडकले, गिअर बॉक्सचे आवरण फुटले आणि तेल घालायला गेलेल्या एका मदतनीस पोराचे मनगट मोडले.

चौकशी झाली. डबी निर्दोष ठरली. तिने वेळेवर सांगितले होते. आठ जणही निर्दोषच ठरले, कारण थांबवण्याचे काम नेमके कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. मिस्त्रींना तर सूचना गेलीच नव्हती. पण सवयीप्रमाणे त्यांनी त्या संध्याकाळी बेअरिंगला कान लावला होता आणि 'ठीक आहे' म्हणून पुढे गेले होते. त्यांच्या कानाला ते ऐकू आले नव्हते. यंत्राचे खरे ठरले, माणसाचे चुकले. असे असूनही दवाखान्यात त्या पोराच्या उशाशी बसून "माझं चुकलं रे बाळा" म्हणणारा माणूस एकच निघाला. महिनाभर रोज त्याचा डबा मिस्त्रींच्या घरून गेला.

वाचकहो, मला इथे महाभारतातली द्यूतसभा आठवते. त्या सभेत ज्ञानाची काय कमतरता होती? धर्म जाणणारे भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. जे चालले आहे ते अनुचित आहे, हे कळायला कोणाला नव्या सूचनेची गरज नव्हती. विदुराने सांगून पाहिले. द्रौपदीने प्रश्न विचारला आणि भरली सभा खाली पाहू लागली. तेव्हा कौरवांतलाच विकर्ण उठून बोलला. सभेत उणीव होती ती जाणण्याची नव्हे. 'हे मी थांबवतो' असे म्हणून त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेणारा नव्हता.

कृत्रिम बुद्धी आपल्याला जाणीव आणून देईल, पूर्वी कधी नव्हती इतकी. पण जाणीव आठ जणांत वाटली की जबाबदारीचे आठ तुकडे होतात, आणि एकेक तुकडा इतका हलका असतो की खिशात टाकला तरी ओझे वाटत नाही. यंत्र सांगते आणि सुटते. माणूस पाहतो आणि सुटतो. मग दोष कोणाच्या पदरी?

याहून खोल एक भीती आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली एका निबंधात ती मांडली होती. स्वयंचलित यंत्रणा माणसाचे सोपे काम काढून घेते, अवघड तेवढे त्याच्यासाठी ठेवते. आणि ते अवघड काम जमण्यासाठी लागणारा रोजचा सरावही काढून घेते. मिस्त्रींचा कान बिघडलेली यंत्रे ऐकून तयार झाला नाही. तो हजारो दिवस चांगली यंत्रे ऐकून तयार झाला. उद्याच्या पोराने फक्त हिरवा आणि लाल ठिपकाच पाहिला, तर डबी स्वतः चुकेल त्या दिवशी तिच्यावर शंका घेणार कोण? आणि जो शंका घेऊ शकत नाही, त्याने 'मी जबाबदार' म्हणावे तरी कोणत्या बळावर? म्हणून कान जपायचा तो डबीशी शर्यत लावण्यासाठी नव्हे. जबाबदारी घेता यावी म्हणून.

माझ्या विद्यार्थ्याने कारखान्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, प्रत्येक सूचनेपुढे एकच नाव असावे. त्याने यंत्रापाशी जावे, हात लावून पाहावे, काय आढळले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि गरज वाटल्यास मिल थांबवावी. त्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. दोन, शिकाऊ पोरांनी आधी यंत्र ऐकून आपले मत लिहावे, मगच पडदा पाहावा. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीला 'वेळ जातो' असे उत्तर मिळाले. तो पुन्हा मागणार आहे.

मिस्त्री या जूनमध्ये निवृत्त झाले. आरती आटोपल्यावर मी त्यांना त्या अर्ध्या वाक्याची आठवण दिली. ते डबीकडे पाहून म्हणाले, "मास्तर, हा कधी झोपत नाही, हे चांगलंच आहे. पण ह्याची झोप कधी उडतही नाही."

दारात तो मनगट मोडलेला पोरगा प्रसादाला आला होता. हात आता बरा आहे. थंडीत ठणकतो एवढेच. मिस्त्रींनी पाटावरचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्यावरचे कुंकू न पुसता त्याच्या हाती दिला आणि म्हणाले, "मोळी पडली की रोज कान लाव. डबी काय म्हणते ते मग बघ."