मधली भिंत

सातारा-सांगलीकडचे जुने वाडे आठवा. बाहेर जाड भिंती, पण आत मोकळा चौक, चौकात तुळस. ऊन-पाऊस थेट घरात यायचा. वाटण्या झाल्या, आमच्या चौकातही भिंत उभी राहिली अन् सावलीत तुळस सुकली.

घर दुरुस्तीला काढले. गवंडी म्हणाला, "दादा, खिडक्या मोठ्या करू, वारा येईल." म्हटले, "आधी मधली भिंत." धाकट्याच्या दारी मीच गेलो. पहिला घाव त्याने घातला.

मुक्ताबाईंनी ज्ञानोबारायांना ताटी उघडायला विनविले, ती काय नुसती झोपडीची होती? माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदास येते, तेव्हा भिजलेला वारकरी ओसरी शोधतो. बाबांनो, दार उघडा. पण आधी भावासाठी उघडा.

रामकृष्णहरि!