तराजू कोणाच्या हाती?

इंदूरहून खंडव्याकडे निघाले म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांवर सिमरोल लागते. ओंकारेश्वराच्या यात्रेस जाणाऱ्या मंडळींना हे गाव फार पूर्वीपासून ठाऊक आहे ते विंध्याचा घाट उतरण्यापूर्वीचे विसाव्याचे ठिकाण म्हणून. येथून खाली उतरले की निमाड सुरू होते, बडवाह मागे पडते आणि मोरटक्क्याजवळ नर्मदामाईचे दर्शन घडते. अलीकडे या गावाला आणखी एक ओळख लाभली आहे. २००९ साली स्थापन झालेली इंदूरची आय. आय. टी. आता येथेच नांदते आहे. प्राचीन भारतीय शास्त्रग्रंथ संस्कृतातूनच समजून घेण्याचा एक वर्ग या संस्थेने २०२० साली चालविला, हे वाचून आम्हांला त्या वेळी मोठा संतोष वाटला होता. एका बाजूस नर्मदेची जुनी वाट आणि दुसऱ्या बाजूस संगणकाची नवी विद्या, अशा त्या जागी गेल्या कार्तिकात आम्ही चहासाठी थांबलो असता एका तरुणाने आम्हांला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नातून हा लेख निघाला आहे.

हा तरुण आमच्या एका इंदूरवासी स्नेह्यांचा मुलगा. व्यापाऱ्यांना इंटरनेटवरील दुकाने उभारून देणाऱ्या एका कंपनीत तो काम करतो. यात्रेत आमच्या सोबतीस आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, एक विचारू? गिऱ्हाईक पैसे भरायला आले की शेवटच्या पानावर एक लहानसा चौकोन ठेवायचा आहे. त्यापुढे 'गोसेवेसाठी दहा रुपये' असे लिहायचे आणि चौकोनात खूण आधीच करून ठेवायची. ज्याला नको असेल त्याने ती काढावी. बहुतेकांच्या ते ध्यानातच येत नाही. हे काम माझ्याकडे आले आहे. ती खूण मी केली तर दोष कोणाचा? मालकाचा, माझा, की न पाहता बटण दाबणाऱ्याचा?"

आम्ही त्या वेळी काही तरी उत्तर दिले. पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. दहा रुपये ही रक्कम क्षुद्र आहे, आणि प्रश्न मात्र तितका क्षुद्र नाही, हे घाट उतरताना आमच्या ध्यानात येऊ लागले.

ही नवी दुकाने कशी चालतात, हे आम्ही त्या तरुणाकडून समजून घेतले. आपण मोबाइलवर जे पाहतो ती केवळ दर्शनी बाजू. तिच्या मागे मालाची यादी, शिलकीचा हिशेब, गिऱ्हाइकाची टोपली, पैशांची वसुली आणि पाठवणीची व्यवस्था अशी पाचसहा दालने असतात व ती निरनिराळ्या यंत्रांवर चालतात. दुकान बांधण्यापूर्वी दिवाळीत एका वेळी किती गिऱ्हाइके येतील याचा अंदाज बांधावा लागतो. शेवटचे एकच लुगडे उरले असता दोन गावांतल्या दोन बायकांनी एकाच क्षणी ते मागितले, तर ते कोणास द्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते. रेंज गेली म्हणून कोणी बटण दोनदा दाबले, तरी पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत. पैसे गेले आणि मागणी नोंदलीच गेली नाही, अशी अर्धवट अवस्था कधीही राहता कामा नये. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. जुन्या पेढीवरील मुनीम नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्याखेरीज दिवा मालवीत नसे. तीच ही शिस्त आहे. आम्हांला नवल वाटले ते याचे की, ज्यांना तो तरुण तांत्रिक प्रश्न म्हणत होता त्यांतील प्रत्येक प्रश्न मुळात नीतीचा होता. कोणाचे पैसे कोणाकडे अडकावेत, चूक झाली तर भुर्दंड कोणी सोसावा, हा निर्णय दुकान उघडण्यापूर्वीच कोणी तरी करून ठेवलेला असतो.

परक्यावर विश्वास टाकण्याची सोय ही काही आजची गरज नाही. आपल्या व्यापाऱ्यांनी ती हुंडीच्या रूपाने फार पूर्वी निर्माण केली होती. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी वटे, आणि शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत. हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची चाल होती. १८८१ च्या कायद्यानेही हुंडीच्या या स्थानिक रूढींना हात लावला नाही. पण त्या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी ओळखीचा माणूस होता. हुंडी नाकारली तर अमुक पेढीची अब्रू जाई, आणि ती पेढी कोणत्या गल्लीत आहे हे सर्वांना ठाऊक असे. आजच्या दुकानाला गल्ली नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून पैसे क्षणात जातात, पण ते घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून 'वचन कोणाचे?' हा प्रश्न आज अधिक बिकट झाला आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाच्या तपस्व्याने इतके कठोर तप केले की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला. तेव्हा वाराणसीच्या एका वाण्याकडे धर्म शिकण्यासाठी त्याला जावे लागले. त्या वाण्याची योग्यता कशात होती? त्याचा तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा होता, एवढ्यात. आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, तुलाधाराचा तराजू त्याच्या स्वतःच्या हातात होता. आजच्या दुकानात मालक एक, तराजू घडविणारा दुसरा, तो रात्रंदिवस चालू ठेवणारा तिसरा. दांडी मारली गेली तर ती कोणी मारली?

कोणी म्हणेल, नोकर हा केवळ हुकुमाचा ताबेदार, पाप धन्याचे. आपल्या शास्त्रकारांना हे मान्य नाही. मांसासाठी होणाऱ्या हत्येचा विचार करताना मनुस्मृतीने अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा व विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातकांतच गणले आहे. तेथील आहाराचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. त्यामागचे तत्त्व मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. कर्म अनेक हातांत वाटले गेले म्हणून दोषाचे तुकडे होऊन तो नाहीसा होत नाही. जो तो आपापल्या वाट्याच्या कर्माचा पुरा धनी असतो. त्यातही ज्याला त्या खुणेचा हेतू स्पष्ट कळला आहे, त्याला अज्ञानाची सबब उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे. पैसे गोसेवेलाच जाणार, मग एवढा विचार कशाला? आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. आपल्या परंपरेत दान संकल्पावाचून होत नाही. दाता हातावर पाणी घेतो, कशासाठी व कोणाला देत आहोत याचा उच्चार करतो, आणि मग त्या वस्तूवरील आपला हक्क सोडतो. त्या पाण्याचा अर्थ एवढाच की, देणारा जागा आहे. ज्याला आपण दिले हे ठाऊकच नाही, त्याने दान केले असे कसे म्हणता येईल? त्याच्या खिशातून पैसे गेले इतकेच खरे. घेणाऱ्याने ते गाईला घातले, तरी घेण्याची रीत शुद्ध होत नाही. उलट धर्माचे नाव पुढे केल्याने, न देणाऱ्याला मनातल्या मनात लाजविण्याचा आणखी एक दोष त्याला चिकटतो.

संतोषाची गोष्ट अशी की, देशाच्या कायद्यानेही हाच विचार मान्य केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० च्या जुलैमध्ये जे नियम झाले, त्यांत गिऱ्हाइकाची संमती त्याने स्वतः स्पष्टपणे दिलेली असावी, आधी खूण करून ठेवलेल्या चौकोनातून ती गृहीत धरू नये, असे सांगितले आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावे, असेही त्यांत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या १३ रीती नावानिशी दिल्या आहेत. न विचारता टोपलीत वस्तू अथवा देणगी सरकविणे ही त्यांपैकीच एक. खोटी घाई निर्माण करणे ही दुसरी. म्हणजे संकल्पाचे पाणी आता राजाज्ञेतही आले आहे.

परंतु दुकान सचोटीने बांधले म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. त्या तरुणाच्या कामाचा मोठा भाग बांधणीचा नसून राखणीचा आहे. हिशेबाच्या नकला निघतात की नाही, त्या नकलांवरून हिशेब पुन्हा उभा करता येतो की नाही, कुलुपे जुनी झाली आहेत काय, कोणती भिंत खचत आहे, हे त्याला रोज पाहावे लागते. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो उशाशी फोन घेऊन निजतो. काही बिघडले नाही तर त्याचे नाव कोणी घेत नाही. बिघडले तर मात्र सर्वांना त्याचे नाव आठवते.

मीमांसकांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्य कर्माला फळ असते. नित्य कर्म केल्याने काही विशेष पदरात पडत नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो. राखणीच्या कामाचे याहून नेमके वर्णन आम्हांला आढळलेले नाही. गोव्याच्या आमच्या वाचकांना खाजन शेतीचे उदाहरण सांगावयास नको. खाडीच्या बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. युक्ती मोठी सुंदर आहे. परंतु बांध नुसत्या युक्तीने टिकत नाही. गावकरी वर्षानुवर्षे चिखल घालीत राहिले म्हणून तो टिकला. आणि ही निगा जेथे जेथे सुटली तेथे खारे पाणी शेतात शिरले. अहिल्यादेवींच्या पुण्याईचे रहस्यही आम्हांला येथेच दिसते. १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नंदादीपाच्या तेलासाठी, अन्नछत्रांसाठी, घाटांच्या डागडुजीसाठी त्यांनी खासगी उत्पन्नातून नेमणुका लावून दिल्या, हे आपण विसरतो. सिमरोलच्या घाटाखाली, नर्मदेच्या काठी महेश्वरास बसून त्यांनी दूरदूरच्या देवळांतील उद्याच्या दिव्याची काळजी वाहिली.

आता थोडे आपल्या देवळांकडे वळू. अनेक देवस्थानांनी सेवा, अभिषेक व प्रसाद यांची नोंदणी इंटरनेटवर सुरू केली आहे. परगावच्या कुळाव्यांची यामुळे मोठी सोय झाली. पण नारळ फोडून उद्घाटन केलेल्या या दालनाकडे पुढच्या वर्षी कोण पाहतो? आम्हांला स्वतःला एका देवस्थानाचा अनुभव आहे. नाव सांगत नाही. अभिषेकाचे पैसे गेले, पावती आली नाही, आणि तेथे दिलेला फोन बंद होता. कोणी लबाडी केली होती असे नव्हे. सांभाळणारा कोणी नव्हता. पण ज्या भाविकाने त्या दिवशी आपल्या आजारी मातेच्या नावाने अभिषेक सांगितला असेल, त्याचे समाधान या भेदाने होईल काय? लबाड माणसे तर अशा निष्काळजी दारांचीच वाट पाहत असतात. २०२४ च्या जानेवारीत अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेपूर्वी 'प्रसाद' या नावाने मिठाई ऑनलाइन विकली जाऊ लागली, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका मोठ्या विक्री-संस्थेस नोटीस द्यावी लागली. पेढा कोठेही मिळतो; प्रसाद हा देवापुढून आला आहे या विश्वासाचे नाव आहे. तो विश्वास ज्याने यंत्रावर ठेवला, त्याने त्या यंत्राची पूजाही नित्य केली पाहिजे. प्रत्येक समितीने दालन उघडण्यापूर्वी ते सांभाळणाऱ्याचे नाव ठरवावे आणि तेलाच्या खर्चाशेजारी त्याचा खर्च लिहावा, एवढीच आमची नम्र सूचना आहे.

आपण गिऱ्हाइकेही निर्दोष नाही. वापरून झालेले वस्त्र 'नको' म्हणून परत करणारे, मध्यरात्री मागवून सकाळी उशीर झाला म्हणून पोऱ्यावर ओरडणारे आपल्यांतच आहेत. तराजूला दोन पारडी असतात.

महिन्याभराने त्या तरुणाचा फोन आला. चौकोन रिकामा ठेवावा, असे त्याने नियमाचा हवाला देऊन वरिष्ठांना लेखी कळविले होते. वरिष्ठांनी वाद घातला नाही. ते काम त्यांनी दुसऱ्याकडे दिले. खूण झालीच. "मग काका, माझ्या नकाराने काय झाले?" त्याने विचारले.

या वेळी मात्र आम्ही घाईने उत्तर दिले नाही. फळ मिळाले असे खोटेच सांगणे बरे नव्हे. गिऱ्हाइकाचे दहा रुपये वाचले नाहीत, हे खरे आहे. पण ज्याने नंदादीप लावला त्याने अंधार संपविल्याचा दावा कधी केला नव्हता. आपल्या पाळीच्या दिवशी तो विझू द्यावयाचा नाही, एवढेच त्याचे व्रत असते. शिवाय त्याने लिहिलेला कागद दप्तरात आहे. उद्या कोणी विचारले, तर 'आम्हांला कोणी सांगितले नव्हते' असे म्हणण्याची सोय आता तेथे कोणाला उरलेली नाही. आम्ही त्याला इतकेच म्हणालो की, बाळ, तुझ्या हातातला तराजू सरळ राहिला. त्याने क्षणभर थांबून विचारले, "आणि उद्या तो चौकोन सांभाळण्याची पाळी माझी आली तर?"

त्याचे उत्तर अजून आम्ही शोधीत आहो. वाचकांनीही शोधावे.