ठळक अक्षरांचे प्रामाण्य

मथळ्यासाठी अथवा भिंतीवरील जाहिरातीसाठी योजिलेले जाड, अरुंद आणि टोकांना कसलीही नक्षी नसलेले रोमन अक्षर वाचकाला आधी हुकूम फर्मावते आणि मागाहून माहिती देते. त्या हुकमाला अधिकार कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न मुद्रणकलेचा जितका, तितकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

या जातीचा प्रसिद्ध दाखला म्हणजे जेफ्री ली यांनी रेखाटलेला आणि शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने १९६५ साली बाजारात आणलेला ‘इम्पॅक्ट’ टाइप. कागदाची रुंदी ठरलेली असल्यामुळे अक्षर उंच करावयाचे तर ते दोन्ही कुशींनी आवळावे लागते, आणि ते दुरून दिसावयाचे तर रेघ जाड करावी लागते. या निकडीपायी ‘इम्पॅक्ट’मधील लहान अक्षरे मोठ्या अक्षरांच्या उंचीला जवळजवळ भिडली आहेत आणि ‘ओ’च्या पोटातली पांढरी जागा आक्रसून एक उभी फट तेवढी राहिली आहे. हाच टाइप बारीक आकारात छापला, की शाई पसरून ती फटही बुजते. (देवनागरीत तर वेलांटी-मात्रांना शिरोरेषेच्या वर आणि उकारांना खाली जागा सोडल्यावर अक्षराने उंच व्हावे तरी किती?)

मुद्रणाने स्वतःकडे लक्ष न वेधता पारदर्शक राहावे, असा पक्ष बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या विदुषीने १९३० साली लंडन येथील व्याख्यानात मांडला. ग्रंथापुरता तो मला शिरोधार्य आहे. परंतु वाचण्याची मुळीच इच्छा नसलेल्या वाटसरूला थांबविणे हेच ज्याचे प्रयोजन, त्या अक्षराला या कसोटीवर दोषी ठरविणे म्हणजे दवंडीवाल्याने कुजबुजावे अशी अपेक्षा करणे होय.

येथे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे आपले मीमांसक अधिक उपयोगी पडतात. वेदातील स्तुतिनिंदापर वाक्यांना, म्हणजे अर्थवादाला, त्यांनी स्वतंत्र प्रामाण्य दिले नाही. वायूच्या वेगाची स्तुती वायुदेवतेच्या यागविधीशी एकवाक्यता पावते, यजमानाच्या ठायी रुची उत्पन्न करते आणि तेवढ्यापुरतीच सार्थ ठरते. मथळ्याचे ठसठशीतपण हा असाच डोळ्यांना दिसणारा अर्थवाद आहे. खाली पुराचा इशारा असेल तर मथळ्याने ओरडलेच पाहिजे. पण मजकूर सौम्य आणि मथळा प्रलयंकर असेल, तर एकही विधान खोटे न करता वाचकाची फसवणूक साधते. ती उघडकीस येणेही अवघड, कारण बाध, म्हणजे खोटे ठरविणारे दुसरे ज्ञान, येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे, ही मीमांसकांचीच शिकवण आपण नकळत पाळीत असतो, आणि मथळा वाचून पान उलटणाऱ्यापर्यंत तो बाध पोहोचतच नाही.

परंतु ज्याच्या खाली मजकूरच नाही, अशा मथळ्याची वासलात कशी लावावी? मायक्रोसॉफ्टद्वारे ‘इम्पॅक्ट’ घरोघरच्या संगणकांत शिरला, आणि पुढे मीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थट्टेच्या चित्रांवर, काळ्या कडेच्या पांढऱ्या अक्षरांत, वर आणि खाली झळकू लागला. तेथे विधी नाही, वृत्त नाही, एखाद्या मांजराच्या तोंडी घातलेला उद्गार काय तो आहे. मीमांसकांनी असली वाक्ये निरर्थक म्हणून बाजूस सारली असती. मला मात्र ती या टाइपाच्या आजवरच्या कामगिरीतली सर्वांत प्रामाणिक वाटतात, कारण पाहणारा हसतो तो त्या उद्गाराला जितका, तितकाच एवढ्या गर्जनेपाशी फर्मावण्याजोगे काहीच नाही, या गोष्टीलाही.