व्यसन आणि परवाना

मध्यप्रदेश शासनाच्या आबकारी विभागात आमची 32 वर्षे गेली. दुकानाचा परवाना, उघडण्या-मिटण्याची वेळ, गिऱ्हाइकाच्या वयाची 21 वर्षांची अट, हेच तपासत आलो. त्यामुळे व्यसन म्हटले की पिणाऱ्याआधी विकणारा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा खात्याचा संस्कार असावा! महाविद्यालयीन मुलांच्या इंटरनेटच्या व्यसनाविषयी आपल्या घरांतून चर्चा होते, तेव्हा मात्र विकणाऱ्याचे नाव निघत नाही. मुलगा बिघडला, एवढ्यावर निकाल लागतो.

आमच्या चुलतभावाचा नातू अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी दोन वर्षे इंदूरला आमच्याकडे होता. रात्री अडीचला पाणी प्यायला उठावे, तर त्याच्या दाराखालून निळसर उजेड दिसे. तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले, तेव्हा आम्ही त्याचा मोबाईल कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली खिशात घालून उज्जैनला गेलो. नेमकी त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत होती आणि शुल्क भरण्याचा ओटीपी त्या कपाटातल्या मोबाईलवर येणार होता. विलंबशुल्क अर्थातच आम्ही भरले. मुलगा रागावला नाही. ‘‘आजोबा, मलाच तो बंद करता येत नाही हो,’’ एवढेच म्हणाला.

हे सत्य मानावे की सबब?

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. दहा कामातून उपजणारी, आठ क्रोधातून. त्या दहांत द्यूत आहे, परनिंदा आहे, नृत्य-गीत-वाद्य आहे, आणि ‘वृथाट्या’, म्हणजे निष्कारण भटकणे, हेही आहे. ही सारी आज एका खिशात मावतात. परंतु तेथे दोष राजाचा होता. फाशांना कोणी जाब विचारला नाही, कारण फासे खेळणाऱ्याचा स्वभाव ओळखून पडत नसत. आजचे पडतात. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर अधिकच चिकाटीने टोचत राहते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांती दाखविले होते. पडद्यावरील मजकूर कधी संपूच नये, ही युक्ती 2006 मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने काढली आणि पुढे तिच्याबद्दल त्यानेच खेद व्यक्त केला. पुस्तकाला शेवटचे पान असते. बाटलीलाही तळ असतो.

म्हणून मुलाला ‘बिचारा’ म्हणून मोकळे करावे, तर तेही आम्हांस पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळांच्या व्यसनाला स्थान मिळाले, सरसकट इंटरनेटला नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत 2014 मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र निघाले, ते ज्यांना खरोखर हवे त्यांच्यासाठीच. प्रत्येक जागरणाला आजार म्हटले, तर मुलाचा अपराध जातो खरा, पण निर्णय घेण्याचा त्याचा हक्कही आपण काढून घेतो. ‘मला बंद करता येत नाही’ असे म्हणणारा मुलगा त्या क्षणी तरी मोबाईलपासून वेगळा उभा असतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. सोडवणूक मात्र त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.

वडीलधाऱ्यांना काय करता येते? 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. बाकीच्या दुकानाला मिटण्याची वेळ नाही. वेळेने दारुडा शुद्धीवर येत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिले. पण दुकान मिटले की त्याला निदान घराकडे वळावे लागते.

म्हणून त्याच्याशी बोलून ठरविले : रात्री अकराला घरातले सगळे मोबाईल त्याच कपाटात, कुलूप न लावता. सगळे म्हणजे आमचाही. पहाटेच्या सुप्रभात-संदेशांची आम्हांला किती सवय जडली होती, हे तेव्हा कळले. पहिल्या आठवड्यात रात्री दोनदा त्या कपाटाशी गेलो, ते आम्हीच. दुसऱ्या खेपेस तो दारात उभा होता.