सूर्याच्या वाटेवरचे शब्द

विद्युत अपघटनाचा धडा आला की ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द आपण पाठ करायचो. ते कुणी घडवले आणि का, हे धड्यात नसे. त्यांचं मूळ शोधू लागलो, की वाट लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात पोहोचते.

लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे तिथे चौदाव्या वर्षी उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढी. त्यांतलंच एक १८०६चं, रसायनशास्त्रावर संवादरूपात लिहिलेलं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. त्या जेन मार्सेट. पुढे जगद्विख्यात झाल्यावरही फॅरडेंनी हे ऋण मोकळेपणाने सांगितलं.

१८३४ साली विद्युत अपघटनाविषयी लिहिताना फॅरडेंची अडचण वेगळीच होती. विजेची टोकं म्हणजे ‘ध्रुव’ असं म्हटलं, की ती पदार्थाला ओढून घेतात असा अर्थ आपोआप गृहीत धरला जाई, आणि तो त्यांना मान्य नव्हता. शालेय शिक्षण बेताचं, ग्रीक येत नव्हतं. म्हणून त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्र घातलं. पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा विद्युतप्रवाह फॅरडेंनी कल्पिला होता. ह्यूएलनी त्यालाच सूर्याची चाल जोडली: ॲनोड म्हणजे चढती वाट, कॅथोड म्हणजे उतरती, आणि आयन म्हणजे जाणारा. एका प्रयोगशाळेतल्या उपकरणाला उगवतीचं आणि मावळतीचं नाव मिळालं! पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लागला, प्रवाहाविषयीची समज पार बदलली, तरी नावं टिकली. कारण ती कुठल्याही सिद्धांताला बांधलेली नव्हती.

१८३४ सालीच मेरी सॉमरव्हिल यांच्या भौतिक विज्ञानांवरच्या ग्रंथाचं परीक्षण लिहिताना ह्यूएलनी ‘सायंटिस्ट’ हा शब्द पहिल्यांदा छापला. म्हणजे या साऱ्या शब्दांच्या मुळाशी दोन स्त्रियांची दोन पुस्तकं आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या दोघी भेटत नाहीत, ही उणीव मला फार मोठी वाटते.

विज्ञानाच्या शिक्षकांना म्हणून एकच विनंती आहे. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी दोन मिनिटं मुलांना ही हकिगत सांगा. आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांनो, अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेंचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.