वीस क्लिक

भाचा सकाळीच खारघरहून नेरुळला आला. पाठीला लांबट पिशवी. चपला काढता काढता म्हणाला, "मामा, तुझा ओळंबा आहे ना अजून?"

आहे. पितळी, टोक जरा बोथट झालेलं. सारी नोकरी मोजणीत गेली. पनवेल-उरणच्या भातखाचरांत, मिठागरांच्या बांधांवर कोन मोजायच्या थिओडोलाइटची तिवई रोवायची आणि कर्नाळ्याच्या अंगठ्यावर नजर लावून दिवसाची सुरुवात करायची. त्या सगळ्यातलं घरी उरलं ते एवढंच. पण या पोराला ओळंबा कशाला हवा होता, तर बंदुकीला दुर्बीण बसवायला.

बंदूक छर्‍याची. नळी मोडायची म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते, एक छर्रा बोटाने दाबून बसवायचा, नळी मिटायची, एकदा उडवायची. पुढच्या वेळी पुन्हा सगळं पहिल्यापासून. साडेचार मिलिमीटरची नळी, वीस जूलच्या आतला जोर. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशा बंदुकीला परवाना लागत नाही. गॅलरीत कबुतरं घुमत होती. मी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा भाच्याकडे पाहिलं. "नाही रे मामा," तो म्हणाला, "पनवेलच्या रेंजवर कागदावर मारतो." दुर्बीण दुकानदाराने "सगळ्या बंदुकांना चालते" म्हणून दिलेली.

गॅलरीच्या दारात ओळंबा टांगला आणि रिकामी बंदूक हॉलच्या दुसर्‍या टोकाला उशांवर ठेवली. आधी बंदूक पाणसळीत घेतली, मग दुर्बीण तिच्या कड्यांत हळूहळू फिरवत आतल्या फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर आणायची. ही रेघ तिरकी राहिली, तर वरखाली केलेली प्रत्येक दुरुस्ती थोडी आडवीही सरकते, आणि मग माणूस दिवसभर एका चुकीमागे दुसरी चूक लावत बसतो. बंदूक मी जन्मात हाती धरली नव्हती, पण हे काम मला पाठ होतं. डोळ्याजवळची काच फिरवून फुली काळीकुळकुळीत करायची, मग डोकं जरासं डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. फुली दोरीवरून सरकते का? सरकली. दोरीही धुरकट दिसत होती. ही दुर्बीण शंभर यार्डांसाठी जुळवलेली होती आणि आमचा हॉल जेमतेम सात मीटर. दुर्बिणीचं वर्धन कमी केल्यावर जरा बरं दिसलं. डोळा मात्र रोज त्याच जागी आणायचा, एवढं पथ्य उरलं.

रविवारी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो. पनवेलकडे या खेळाचं मूळ चांगलं रुजलंय. सुमा शिरूर यांनी लक्ष्य ही नेमबाजी संस्था नवीन पनवेललाच उभारली. २००४ च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत, क्वालालंपूरला, या बाईंनी दहा मीटर एअर रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण मारले होते. त्या कागदावरचा दहाचा ठिपका केवढा, तर अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा त्याच्या नऊपट जाड. असे चाळीस छर्रे, एकामागून एक, एकेक भरून.

भाच्याने पाच छर्रे मारले. कागद जवळ आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं. एक वर, दोन डावीकडे, एक पार कडेला, पाचवा कुठेच नाही. त्याचा हात लगेच दुर्बिणीच्या बटणाकडे गेला. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी तो धरला. "कशाला फिरवतोस? तुला ठाऊक आहे का, नक्की किती चुकलंय ते?"

मला एकदम आमचे जुने मुकादम आठवले. आमच्याकडे प्रत्येक कोन दोनदा घेत, एकदा दुर्बीण या बाजूला ठेवून, एकदा उलटी करून. दोन्हींची सरासरी काढली की यंत्राची स्वतःची खोट आपोआप जाते, कारण ती खोट इमानी असते. दर वेळी तेवढीच, त्याच दिशेने. मुकादमांना यंत्राच्या खोटीचा राग कधी आला नाही. राग यायचा तो तिवईचा पाय मातीत खचला आणि पोराने सांगितलं नाही तेव्हा. माझंही तेच मत झालंय. नेहमी पाच मिनिटं उशिरा येणार्‍याबरोबर संसार करता येतो; कधी लवकर, कधी तासभर उशिरा येणार्‍याला घड्याळ लावून काय उपयोग? भाच्याच्या कागदावरचे छर्रे वाटेल तिकडे होते. त्यांना कुठल्या बाजूला वळवणार?

मग खचलेला पाय शोधणं आलं. तो एक नव्हता, दोन होते. पहिला भाच्याने स्वतःच शोधला. त्याने दुर्बिणीच्या कड्याजवळ, खाचेच्या पट्टीवर आईच्या नेलपॉलिशची बारीक लाल रेघ मारली होती. वीस छर्‍यांनंतर रेघेचे दोन तुकडे दिसले, मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट. दुर्बीण मागे सरकत होती. मोठ्या बंदुकीचा धक्का फक्त मागे बसतो. ही स्प्रिंगची, आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे हटते, आणि दट्ट्या पुढे जाऊन अडला की ती पुढे हिसका खाते. बंदूक पुढे गेली, वरची दुर्बीण जागीच राहिली. असं प्रत्येक छर्‍याला, केसाकेसाने. मोठ्या बंदुकीचा धक्का सोसणार्‍या दुर्बिणी या उलट्या हिसक्याने खिळखिळ्या होतात. आमच्या दुकानदाराला हे माहीत नसावं, किंवा असावं. मागच्या कड्याच्या पाठी अडणीचा एक तुकडा बसवला आणि स्क्रू एक अलीकडचा, एक पलीकडचा असे थोडेथोडे आवळले, तेव्हा रेघ सांधलेली राहिली.

दुसरा खचलेला पाय त्याचे हात होते. ही बंदूक करकचून आवळली की तिचा तो दुहेरी हिसका आपल्या हाताने अडतो, आणि हात दर वेळी सारखा अडवत नाही. प्रशिक्षक म्हणाले, तळहातावर नुसती ठेव, झोपलेलं बाळ ठेवतोस तशी. तिला हलायचं तसं हलू दे. आणखी एक गंमत त्याला दुर्बिणीतच कळली. उघड्या साइटने बंदूक स्थिर वाटायची. दुर्बीण लागल्यापासून फुली नाडीबरोबर उड्या मारते. हात आधीही हलत होताच. आता दिसायला लागला, इतकंच. पहिले दोन दिवस तो दुर्बिणीला दोष देत होता.

तिसर्‍या रविवारी कागद जवळ आला आणि भाचा काहीच बोलला नाही. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी, एकमेकांना टेकलेली. मध्यापासून मात्र जवळजवळ दीड सेंटिमीटर डावीकडे. गुण सगळेच फुटकळ. प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता फिरव."

बटणाचा एक क्लिक म्हणजे पाव मिनिट, म्हणजे पंधरा सेकंद कोन. माझा थिओडोलाइट वीस सेकंदांपर्यंत वाचायचा, आणि त्याला आम्ही वर्दी न घालता सलाम करायचो! दहा मीटरवर पंधरा सेकंद म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर. हिशेब मीच केला: वीस क्लिक, उजवीकडे. भाचा मोठ्याने मोजत होता, सतराच्या पुढे त्याचं चुकलं, मग परत फिरवून पहिल्यापासून. स्वस्तातल्या दुर्बिणीचा प्रत्येक क्लिक सारखा नसतोच, पण पुढचे पाच छर्रे काळ्यात गेले.

आणि तेव्हा प्रशिक्षकांनी सांगितलं की स्पर्धेत उतरायचं असेल तर ही दुर्बीण काढावी लागेल. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. बारीक भोकातून पाहायचं, पुढच्या कड्यात काळा गोल बसवायचा, बस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं ते असंच. पन्नास मीटरवर, गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने, दुर्बिणीशिवाय, एकेक गोळी हाताने भरून. तिथे दहाचं वर्तुळ साधारण एक सेंटिमीटरचं.

काढायला दोन मिनिटं लागली. बसवायला तीन रविवार गेले होते. भाचा आता साध्या साइटवर सराव करतो, आणि बंदूक बाळासारखी धरायची सवय त्याला तिथेही उपयोगी पडते म्हणतो. दुर्बीण त्याने मला देऊन टाकली.

परवा मी ती घेऊन नेरुळच्याच डीपीएस शाळेजवळच्या तळ्याकडे गेलो. फ्लेमिंगो आलेत. काठापासून थवा शंभर यार्डांवर असेल-नसेल. त्या अंतराला या दुर्बिणीतून काय लखलखीत दिसतं! प्रत्येक पिसाची गुलाबी कड वेगळी. फुलीच्या बरोबर मधोमध एक जण मान उलटी करून चिखल चाळत होता. हात अजिबात हलत नव्हता. मी दुर्बीण खाली घेतली आणि उरलेला वेळ नुसत्या डोळ्यांनी पाहत बसलो.